डॉसबॉक्स-एक्स: जुन्या डॉस प्रोग्रॅमना कामाला लावणारा इम्युलेटर

विंडोजची ६४-बिट आवृत्ती असलेल्या संगणकावर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रणालीच्या काळातील एखाद्या प्रोग्रॅमवर डबल-क्लिक केले, की हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही, अशा अर्थाची सूचना येते आणि विषय तिथेच संपतो. प्रोग्रॅममध्ये काही बिघाड झालेला नसतो. जुन्या ३२-बिट विंडोजमध्ये डॉस प्रोग्रॅमसाठी एनटीव्हीडीएम नावाचा एक घटक असे आणि तो प्रोसेसरच्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ या सोयीवर विसंबून चाले. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने काम करू लागला, की ही सोय त्याच्याकडे उरत नाही, आणि त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये हा घटक सुरुवातीपासूनच नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती हा शेवटचा आडमार्ग होता. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना हिशेबाचा, साठ्याच्या नोंदींचा किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा डॉस प्रोग्रॅम ज्यांना अजून लागतो, त्यांना त्या काळचा संपूर्ण संगणकच सॉफ्टवेअरमधून उभा करणारा इम्युलेटर वापरावा लागतो. डॉसबॉक्स-एक्स हा अशा इम्युलेटरांपैकी एक. खेळांसाठी त्याची तारीफ पुष्कळ झाली आहे. येथे त्याचा विचार मुख्यतः कामाच्या प्रोग्रॅमसाठी केला आहे.

मूळ डॉसबॉक्स २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची ०.७४ ही आवृत्ती २०१० ची, आणि तिची ०.७४-३ ही सुधारित आवृत्ती २०१९ ची. तो जुने खेळ चालवण्यासाठी लिहिलेला आहे, हे त्याचे कर्ते स्पष्टपणे सांगतात, आणि म्हणूनच छपाई किंवा लांब फाइलनावे यांसारख्या कार्यालयीन गरजा त्यात भागत नाहीत. २०११ मध्ये त्यातूनच वेगळा निघालेला डॉसबॉक्स-एक्स नेमक्या या उणिवा भरून काढतो. तो मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर चालतो.

मांडणी एकदा समजली, की अवघड काही नाही. जुना प्रोग्रॅम आणि त्याच्या डेटा फाइल्स एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवायच्या, आणि ‘माउंट’ ही आज्ञा देऊन तो फोल्डर इम्युलेटरला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचा. खरी सी ड्राइव्ह संपूर्ण माउंट करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जुन्या प्रोग्रॅमला आजच्या सिस्टिम फाइल्समध्ये हात घालू देण्याचे काहीच कारण नाही. कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी ‘ऑटोएक्झेक’ नावाचा विभाग असतो. त्यात तीन ओळी लिहिल्या (फोल्डर माउंट करणे, त्या ड्राइव्हवर जाणे, प्रोग्रॅमचे नाव), की आयकॉनवर क्लिक करताच थेट प्रोग्रॅमचा मेनू समोर येतो आणि वापरणाऱ्याला डॉसची एकही आज्ञा माहीत असावी लागत नाही. क्लिपर या डेटाबेस-भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी याच विभागात ‘सेट क्लिपर’ ही ओळ घालून एका वेळी किती फाइल्स उघडता येतील तो आकडा वाढवावा लागतो. तो कमी पडला, तर प्रोग्रॅम सुरळीत सुरू होतो आणि एखादा मोठा अहवाल काढताना मध्येच बंद पडतो. या पद्धतीत डेटा फाइल्स नेहमीच्या फोल्डरमध्ये साध्या फाइल म्हणूनच राहतात, त्यामुळे त्यांची प्रत काढून ठेवणे इतर कोणत्याही फाइलइतकेच सोपे असते.

पडद्यावरील अक्षरांबाबत डॉसबॉक्स-एक्सचे कौतुक करावे तेवढे थोडे. डॉसची ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळींत मांडलेली अक्षरे आजच्या मोठ्या पडद्यावर ताणून दाखवली, की ती फुटतात आणि तासभरात डोळे थकतात. यातील ‘आउटपुट’ची सेटिंग टीटीएफ अशी केली, तर तीच अक्षरे ट्रूटाइप फॉन्टमधून नव्याने रेखली जातात आणि विंडो कितीही मोठी केली तरी सुबक राहतात. चौकटींच्या दुहेरी रेघासुद्धा सलग दिसतात. वर्डस्टार आणि वर्डपरफेक्ट या जुन्या लेखन-प्रोग्रॅममधला ठळक व अधोरेखित मजकूर पडद्यावर खरोखर तसा दाखवण्याची सोयही त्यात आहे, जी मूळ संगणकांच्या टेक्स्ट मोडमध्ये रंग बदलून भागवली जात असे. एखादा प्रोग्रॅम आलेख काढण्यासाठी ग्राफिक्समध्ये शिरला, तर हे साधन आपोआप बाजूला होते.

वेगाचा प्रश्न उलटा आहे: अनेक जुन्या प्रोग्रॅमना आजचा संगणक फार जलद पडतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद होतात. त्या भाषेच्या सीआरटी युनिटमध्ये संगणकाचा वेग मोजणारे एक छोटे आवर्तन असते. घड्याळाच्या एका टिकटिकीत ते किती वेळा फिरले, त्याला ५५ ने भागून वेग ठरवला जातो. प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेला, की भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्रॅम ते शून्याने भागल्याची चूक समजतो. इम्युलेटरमध्ये ‘सायकल्स’चा आकडा ठरवून वेग मर्यादित ठेवला, की ही चूक होतच नाही. म्हणूनच सायकल्स ‘मॅक्स’ ठेवण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला कामाच्या प्रोग्रॅमसाठी मला पटत नाही. डेटा एंट्रीच्या प्रोग्रॅमला तेवढा वेग लागत नाही. जास्तीचा वेग फक्त यजमान संगणकाचा पंखा फिरवतो.

आता छपाई. प्रोग्रॅम पडद्यावर दिसला म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांची पहिली निराशा येथेच होते, कारण जुना प्रोग्रॅम थेट पॅरलल पोर्टवर, म्हणजे प्रिंटर जोडण्याच्या जुन्या खाचेवर अक्षरे पाठवतो आणि आजच्या संगणकाला बहुधा तो पोर्टच नसतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये पहिला पॅरलल पोर्ट ‘प्रिंटर’ असा नेमून दिला, की आत एक आभासी एपसन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उभा राहतो. तो त्या काळच्या नियंत्रण-संकेतांचा अर्थ लावतो आणि तयार पान चित्राच्या किंवा पोस्टस्क्रिप्टच्या (छपाईसाठी पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेच्या) रूपात फाइलमध्ये देतो, किंवा विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो. संकेतांचा अर्थ लावला जातो, हे महत्त्वाचे. पोर्टवरचा मजकूर नुसता फाइलमध्ये उतरवण्याची सोयही आहे, पण त्यात हे संकेत कच्च्या रूपात मिसळलेले असतात आणि ती फाइल साध्या संपादकात उघडली, की अहवालाच्या डोक्यावर विचित्र चिन्हे उमटलेली दिसतात.

छपाईच्या तीन सेटिंग्ज मात्र हाताने जुळवाव्याच लागतात. कागदाची रुंदी आणि उंची इंचाच्या दशांशात द्यायची असते. आधीपासून असलेले आकडे ८५ आणि ११० म्हणजे अमेरिकी लेटर कागदाचे आहेत, त्यामुळे ए-४ साठी ते ८३ आणि ११७ असे करावेत. येथे एक खोच आहे. जुने प्रोग्रॅम पानाची लांबी ओळी मोजून ठरवतात. एका इंचात सहा ओळी या हिशेबाने ६६ ओळींचे पान ११ इंचांचे आणि ७२ ओळींचे १२ इंचांचे होते. प्रोग्रॅम ७२ ओळी मोजत असेल आणि उंची ११७ ठेवली असेल, तर शेवटच्या ओळी पुढच्या पानावर सरकतात आणि अख्खा अहवाल पायऱ्यापायऱ्यांनी घसरत जातो; अशा वेळी उंची १२० ठेवून प्रत्यक्ष छपाईच्या वेळी पान थोडे लहान करून घेणे बरे. १३२ स्तंभांच्या रुंद अहवालाचेही तसेच. प्रोग्रॅमने आधी बारीक अक्षराचा संकेत पाठवला असेल तर तो साध्या पानात बसतो, नाहीतर इंचाला दहा अक्षरे या मापाने त्याला १३ इंचांहून अधिक रुंदी लागते. तिसरी सेटिंग ‘टाइमआउट’ची. अहवाल संपल्यावर कागद बाहेर काढण्याचा संकेत न पाठवणारे प्रोग्रॅम बरेच आहेत, आणि हा आकडा शून्य असेल तर त्यांचे शेवटचे पान आभासी प्रिंटरच्या पोटात अडकून राहते. मिलिसेकंदांत काही हजारांचा आकडा दिला, की ते आपोआप बाहेर पडते.

दोष सांगायचे तर पहिला म्हणजे सेटिंग्जचा सुकाळ. मेनूंमध्ये मेनू आहेत, संपूर्ण कॉन्फिगरेशन फाइल वाचायला बसले तर दमछाक होते, आणि खेळांसाठीच्या साउंड कार्डांच्या गर्दीत छपाईचा विभाग शोधावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फाइल-लॉकिंगची (एक जण लिहीत असताना इतरांना थांबवण्याची) सोय यात असली, तरी सामायिक फोल्डरमधील एकाच डेटाबेसमध्ये अनेकांनी एकाच वेळी लिहावे इतका भरवसा मी तिच्यावर ठेवणार नाही. एका वेळी एकाने वापरायच्या प्रोग्रॅमपुरतीच माझी शिफारस आहे. शिवाय यात विंडोज ९५ किंवा ९८ पूर्णपणे बसवता येते, परंतु ते डिस्क इमेजवरून (संपूर्ण डिस्क सामावलेल्या एका फाइलवरून) बूट करावे लागते आणि त्या अवस्थेत माउंट केलेला फोल्डर नेहमीसारखा वापरता येत नाही, म्हणजे फाइल्सची ने-आण अवघड होते.

विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिट प्रोग्रॅमसाठी याच इम्युलेटरमध्ये विंडोज ३.१ बसवणे हा एक मार्ग. त्याहून हलका मार्ग म्हणजे विनव्हीडीएम, ज्याला ओटीव्हीडीएम असेही म्हणतात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनच्या कोडवर तो आधारलेला आहे आणि ६४-बिट विंडोजवर असे प्रोग्रॅम थेट, नेहमीच्या विंडोत उघडतो. छोट्या प्रोग्रॅमसाठी मी प्रथम तोच वापरून पाहीन. १९९५ नंतरच्या ३२-बिट प्रोग्रॅमना तर बहुतेक वेळा इम्युलेटर लागतच नाही. त्यांचे अडते ते इन्स्टॉलरपाशी, कारण प्रोग्रॅम ३२-बिट असूनही त्याचा इन्स्टॉलर अनेकदा १६-बिट असतो. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात संपूर्ण जुने विंडोज चालवणे शक्य आहे, पण एका प्रोग्रॅमसाठी तेवढा पसारा कशाला? आणि ८६बॉक्स जुन्या मदरबोर्डपर्यंत सगळे हुबेहूब उभे करतो, त्यासाठी त्या यंत्रांचे रॉम (मदरबोर्डवरील चिपमधला मूळ प्रोग्रॅम) आणि बराच दमदार प्रोसेसर लागतो. तो हौशी मंडळींनी वापरावा.

डॉसबॉक्स-एक्समधील एक बारीक सोय मला विशेष आवडली. प्रोग्रॅममधून बाहेर न पडता विंडोचे बंद करण्याचे बटण दाबले, तर आत फाइल्स उघड्या असल्याचे सांगून तो आधी विचारतो. डीबेस (जुना डेटाबेस-प्रोग्रॅम) किंवा क्लिपरच्या प्रोग्रॅममध्ये नोंदी शोधण्यासाठीची इंडेक्स फाइल अर्धवट लिहिलेली राहिली, तर दुसऱ्या दिवशी नोंदी असूनही सापडत नाहीत आणि इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. मूळ डॉसबॉक्सची विंडो असे काही न विचारता बंद होते.