नाबेलच्या बाजारात भेटलेला 'हॉटेलवाला'

ट्युनिशियात हम्मामेतला उतरलेले पर्यटक शुक्रवारी हमखास नाबेलचा बाजार गाठतात. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर, आणि हिरव्या-पिवळ्या झिलईची मातीची भांडी ही नाबेलचीच खासियत. जरूर जा. फक्त मनगटावर रिसॉर्टचा प्लॅस्टिकचा पट्टा असेल तर बाही खाली ओढून घ्या.

त्या पट्ट्याच्या रंगावरून तुमचं हॉटेल ओळखता येतं, आणि दलालांना ते रंग पाठ असतात. बाजाराच्या तोंडाशीच एक हसतमुख माणूस आडवा आला. "ओळखलं नाहीत? तुमच्या हॉटेलात सकाळी ऑम्लेट करतो मी. आज सुट्टी आहे." हॉटेलचं नाव अचूक. आता टोपी-एप्रनशिवाय तो आचारी कसा दिसतो, हे कोण सांगणार? ओळखत नाही म्हणायला आपल्यालाच अवघड वाटतं, आणि सगळा धंदा त्या भिडेवरच चालतो. मग शाहरुख खान झाला, बायकोला "नमस्ते" झालं आणि गाडी काकांच्या कारखान्याकडे वळली. तिथे म्हणे कारागिरांच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. (तो बहुधा रोजच असतो.)

काकांनी पुदिन्याचा चहा पाजला, चाकावर सुरई घडवून दाखवली. काम सुरेख होतं, ते नाकारत नाही. माशांच्या नक्षीची मोठी परात आणि वाट्या घेतल्या, घासाघीस होऊन भाव "ऐंशी" ठरला. बाजारात तोवर सगळे दिनारमध्येच बोलत होते, त्यामुळे ऐंशी कशाचे हे कुणी विचारलंच नाही. कार्डावर गेले २६४ दिनार! एका युरोला साधारण ३.३ दिनार, म्हणजे काकांचा हिशेब चोख: "मी युरोच म्हणालो होतो." दिनारचे हजार मिलीम असल्यामुळे मशीनवर आकडा २६४.००० असा उमटतो. ते शून्यांचं शेपूट उलगडेपर्यंत पिन दाबून झाला होता. वाद सुरू होताच ऑम्लेटवाला गायब, आणि काकांचं इंग्रजी अचानक आटलं. भरपाई म्हणून त्यांनी केशराची एक पुडी हातात कोंबली. उघडून पाहिली तर करडईच्या पाकळ्या. सोलापूरच्या माणसाला करडई!

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये विषय काढला, तर आणखी एका जोडप्याला 'हॉटेलचा माळी' भेटला होता.

कुणी अशी ओळख सांगितली तर आमची खोली कितव्या मजल्यावर, मॅनेजरचं नाव काय, असं उलट विचारा. भाव कागदावर लिहून घ्या आणि आकड्यापुढे 'दिनार' लिहायला लावा. शक्यतो रोख द्या. दिनार देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून "उरलेले इथेच संपवा" असा आग्रह होतो. पैसे बदलल्याची पावती जपून ठेवली तर परतताना उरलेले दिनार पुन्हा बदलून घेता येतात. टॅक्सीच्या मीटरवरचे ४५०० म्हणजे साडेचार दिनार, हेही लक्षात असू द्या.

आणि कडू संत्र्याच्या फुलांचं 'शुद्ध तेल' चार-पाच दिनारांत कुणी देऊ लागला तर पुढे चला. किलोभर तेलाला सुमारे टनभर फुलं लागतात. त्याच फुलांचं पाणी मात्र घ्या. ते नाबेलमध्ये घरोघरी वापरतात आणि खरोखरच स्वस्त मिळतं.