लिक्विड कूलिंगच्या नावाखाली ३५,५०० रुपयांना बुडालो, नवीन पीसी घेणाऱ्यांनी वाचा

लिहायला लाज वाटतेय, पण दोन महिने झाले रात्री झोप नाही म्हणून लिहितोच. मी अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही असं नाही, हे आधीच सांगतो.

मार्चमध्ये नवीन मशीन बनवलं. आय-५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, सगळं मिळून ७८,४००. दुकानदार ओळखीचा, आधी दोन हार्ड डिस्क त्याच्याकडूनच घेतलेल्या. म्हणाला, "भाऊ, आपल्याकडं मे महिन्यात ४५ जातं, हवेवर प्रोसेसर टिकत नाही, लिक्विड कूलर टाका." आता सांगा, खिडकीतल्या कूलरमध्ये बादल्या ओतत वाढलेल्या माणसाला हे पटणार नाही का? पाणी म्हणजे गारवा, हेच आपल्या डोक्यात. पण खिडकीतल्या कूलरचं पाणी उडतं म्हणून हवा गार होते, पीसीतलं पाणी नळीत बंद असतं, ते फक्त प्रोसेसरची गर्मी रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत नेतं आणि तिथंही शेवटी पंखाच, हवा त्याच खोलीतली. खोली ४० ला असेल तर ते पाणी ४० च्या खाली जाऊच शकत नाही. आणि १२४००एफ मुळात ६५ वॅटचा, म्हणजे कमी तापणारा, पूर्ण ताणला तरी ११७, त्याचा पंखा बॉक्समध्येच येतो. तो पंखा त्याने ठेवून घेतला, "तुम्हाला आता काय करायचा?" म्हणे. बॉक्स कूलर सोडू नका, तुमच्या पैशाचा असतो तो.

कूलरचे ७,८०० घेतले. आता ज्याच्यासाठी जीव जळतो ते. फिटिंग चालू असताना मी शेजारीच उभा होतो. रेडिएटरच्या पात्यांत बारीक धूळ होती, मी स्वतः बोट लावून बघितलं, बोट काळं झालं. नवीन कूलरच्या तांब्याच्या प्लेटवर बहुतेक वेळा कंपनीचीच पेस्ट (प्रोसेसरची गर्मी प्लेटला नीट पोचावी म्हणून) लावलेली असते, ही प्लेट पुसलेली, कडेला वाळकी पेस्ट, आणि हा ट्यूबमधून नवीन लावतोय. विचारलं तर म्हणे "डिस्प्ले पीस होता, माल नवाच आहे." तिथंच हात धरायला पाहिजे होता त्याचा!! पण दुकानात चार गिऱ्हाईकं, त्याचा पोरगा चहा घेऊन आला, दुसऱ्या दिवशी मला वाशिमला शूट, मी गप्प बसलो. माझ्या जागी कोणीही बसला असता.

मशीन चालू केलं की गुळगुळ आवाज यायचा. "पंप नवा आहे, सेट होईल." नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतं आणि आत हवा शिरते, तो आवाज होता तो. जूनमध्ये रेंडर (तयार व्हिडिओची फाईल बनवणं) लावून जेवायला गेलो, परत आलो तर स्क्रीन काळी, कार्डाच्या पाठीवर चिकट पाणी. २६,५०० चं कार्ड गेलं. नावात एफ असलेल्या प्रोसेसरला कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्र दाखवता येत नाही, म्हणजे मशीनच बंद. तपासणीचे १,२०० वेगळे.

सर्व्हिस सेंटरने सिरीयल नंबर टाकला, कूलर २०१९ चा, वॉरंटी कधीच संपलेली. फिटिंगच्या आधी नंबर तपासा, नंतर तो सहज दिसतही नाही. दुकानदार म्हणतो मी दिलेला पीस हा नव्हेच. आणि बिल? १८ टक्के वाचतील म्हणून पक्क्या बिलाऐवजी नुसता एस्टिमेटचा कागद घेतला होता, पैसे यूपीआयने त्याच्या बायकोच्या खात्यावर. पक्कं बिल घ्या, दुकानाच्याच खात्यावर पैसे टाका.

पोलिसांकडं गेलो तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला. तीन चकरा मारल्या, एकदा दोन तास बाकावर बसवून "उद्या या", तक्रारीची पोच मागितली तर "काय करता पोच घेऊन?" ग्राहक हेल्पलाइनला फोनवर तक्रार नोंदवली तर नंबर आला, आठ दिवसांत मेसेज, तक्रार बंद, कारण दुकानदाराने उत्तर दिलं म्हणून. काय उत्तर दिलं ते मला कोणी सांगेना! ज्याने फसवलं त्याचं उत्तर आलं म्हणजे न्याय झाला का? माझे पैसे पैसे नाहीत का?

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप चॅट अजिबात डिलीट करू नका, माझ्याकडं तेवढंच उरलंय.

मशीनला सध्या २,४०० चा साधा एअर कूलर आणि मित्राचं जुनं कार्ड. रेंडरला प्रोसेसरचं तापमान ७० च्या आसपास राहतं. उद्या बिघडला तर पंखाच बिघडेल, पाचसहाशेचा. भिजलेलं कार्ड पुसलेलं नाही, पिशवीत बांधून ठेवलंय, आयोगापुढं तसंच ठेवणार.