पावतीवर 'कॅपिटल गेन ठेव' छापलं होतं

सोलापुरातलं, साखर पेठेतलं आमचं घर फेब्रुवारी २०२३ मध्ये विकलं. ४६ लाख आले. त्यातले ४० लाख एका पतसंस्थेत ठेवले आणि घालवले. पूर्व भागातली आमच्या वयाची बरीच माणसं सध्या जुनी घरं विकून जुळे सोलापूर, विजापूर रोडकडं फ्लॅट बघतायत. एक घर विकल्यापासून दुसरं घेईपर्यंत मधे जो काळ जातो, त्यातच आम्ही बुडालो. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

घर वडिलांचं. खाली चार यंत्रमाग, वर आम्ही. माग केव्हाच भंगारात गेले होते, हिचे गुडघे जिना चढू देत नव्हते आणि शेजारच्या टॉवेलवाल्याला कारखाना वाढवायचा होता. व्यवहार सरळ झाला, सगळे पैसे चेकनं. आम्ही बघितलेला फ्लॅट ५५ लाखांचा, ताबा दीड-दोन वर्षांनी. म्हणजे नऊ लाख कमी पडत होते, वर मुद्रांक शुल्क. माझी पेन्शन लिपिकाची. नऊ लाख आणायचे कुठून, हाच विचार रात्रंदिवस डोक्यात, आणि समोरच्यानं बरोबर तोच पकडला.

समोरचा म्हणजे त्याच पतसंस्थेचा, रोजची बचत गोळा करणारा आमचा पिग्मीवाला. अकरा वर्षं रोज संध्याकाळी यायचा, हातात ते छोटं मशीन, दारातच चप्पल काढायची, हिच्या हातचा चहा घ्यायचा. माझ्या बायपासच्या वेळी दोन रात्री दवाखान्यात बसला होता. तो म्हणाला, "काका, चाळीस लाख बारा टक्क्यांनी दोन वर्षं ठेवा. साडेनऊ लाख होतात. फ्लॅट तुमचा." हिशेब बरोबर होता. खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा जास्त भुललो मी तो आकडा माझ्या गरजेत किती चपखल बसला याला. सरकारी बँका तेव्हा ज्येष्ठ नागरिकांना साडेसात टक्क्यांच्या आसपास देत होत्या. वरचे साडेचार टक्के कुठून येणार, हे मी विचारलं नाही. कचेरीत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींतल्या त्रुटी काढण्यात गेली माझी, आणि घरच्या कागदावर डोळे मिटून सही केली.

एक गोष्ट अजून. २०२२ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रद्द केला होता. गल्लीत सगळ्यांनी धसका घेतला. पिग्मीवाल्यानं तेच पुढं केलं: "बघा काका, बँका बुडतात. आमची संस्था आपल्याच माणसांची आहे." मला पटलं. उलटं आहे हे नंतर कळलं. परवानाधारक बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका माणसाला एका बँकेमागं मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेला हा विमाच नाही. ती चालते सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीखाली, रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे बँक बुडण्याच्या भीतीनं मी विमा असलेली जागा सोडून विमा नसलेल्या जागी गेलो. आमच्याकडं बोलताना दोन्हीला 'बँक'च म्हणतात, 'बँकेत पिग्मी भरली' म्हणतात. पाटीवर मात्र 'पतसंस्था' असं लिहिलेलं असतं. पाटी वाचायची राहून गेली.

आता ती पावती. जाड कागद, हिरवी नक्षीची चौकट, वर डाव्या कोपऱ्यात लक्ष्मी आणि मधोमध ठळक अक्षरांत 'कॅपिटल गेन ठेव योजना'. दहा-दहा लाखांच्या चार पावत्या. पिग्मीवाला म्हणाला, घर विकलेल्यांसाठीच ही खास योजना आहे, यात पैसे ठेवले की इन्कम टॅक्स लागत नाही. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रिटर्न भरून देणारा एक जण बसायचा. तोही म्हणाला, "पावतीची झेरॉक्स द्या, कलम ५४ ची सूट लावून टाकतो." जुलैत त्यानं रिटर्न भरलं, सातशे रुपये घेतले. ठेवीच्या अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत मला 'नाममात्र सभासद' केलं होतं, त्याचे शंभर रुपये वेगळे.

व्याज दर महिन्याला चाळीस हजार. पण ते जमा व्हायचं त्यांच्याच पासबुकात. फ्लॅटसाठी साठवायचेत म्हणून मी काढायचो फक्त भाड्यापुरते नऊ हजार. पासबुकात आकडा चढत होता आणि आम्ही दोघं रात्री ते उघडून बघायचो. सात महिन्यांत प्रत्यक्ष हातात आले ६३ हजार.

ऑक्टोबरात बिल्डरचा हप्ता आला, चार लाख. काउंटरवर गेलो तर "आज रोकड नाही, सोमवारी या." सोमवारी "सिस्टीम बंद आहे." मग "साहेब पुण्याला गेलेत." मग "दिवाळीनंतर शंभर टक्के." दिवाळीनंतर शटर खाली. बाहेर फुटपाथवर तीसेक माणसं, त्यात विडी वळणाऱ्या बायकाच जास्त. एकीच्या हातात सोळा हजारांची पावती होती आणि ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. पिग्मीवाल्याचा फोन बंद. घरी गेलो तर त्याची बहीण दारात बसलेली. तिचेही तीन लाख तिथंच होते. त्याला आतलं माहीत होतं की नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कमिशन मात्र त्यानं घेतलं होतं, हे नक्की.

एवढ्यावर भागलं असतं तर निम्मं दुःख कमी. डिसेंबरात मुलानं मला एका खऱ्या सीएकडं नेलं. त्यांनी पावती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "काका, हे कॅपिटल गेन खातं कुणी सांगितलं तुम्हाला?" मग समजावलं. घर दोन वर्षांहून जास्त आपल्या नावावर असेल तर विक्रीचा नफा दीर्घकालीन. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे तो नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला किंवा तीन वर्षांत घर बांधलं, तर कर माफ. मधल्या काळात, रिटर्नची मुदत संपायच्या आत घर झालं नसेल, तर न वापरलेला नफा केंद्र सरकारच्या १९८८ च्या कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात जमा करायचा. हे खातं अधिकृत बँकेच्या शाखेतच उघडतं, ग्रामीण शाखा सोडून. पतसंस्थेनं तेच नाव छापलं म्हणून ती ठेव त्या योजनेत बसत नाही.

आमची मुदत होती ३१ जुलै २०२३. ती गेली होती. हिशेब असा निघाला: १ एप्रिल २००१ रोजी घराची किंमत ६ लाख धरली, महागाई निर्देशांकानं (२००१ चा १००, विक्रीच्या वर्षीचा ३३१) ती झाली १९ लाख ८६ हजार. ४६ लाखांतून ती वजा जाता नफा २६ लाख १४ हजार. त्यावर २० टक्के आणि उपकर मिळून ५ लाख ४४ हजारांच्या आसपास. (जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दर आणि हिशेब दोन्ही बदललेत, त्यामुळं माझा आकडा कुणी आपल्या घराला लावू नये.) मी म्हटलं, अहो, पैसेच बुडाले, कर कसला? ते म्हणाले, घर विकलं त्या दिवशी नफा झाला. पुढं त्या पैशाचं काय झालं हे आयकर खातं विचारत नाही. सुधारित रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येत होतं, ते भरलं. कर भरायला हिच्या पाटल्या गेल्या, बाकीचे मुलानं कर्ज काढून दिले.

ते कॅपिटल गेन खातं मी उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मी नंतर एका सरकारी बँकेत जाऊन नीट विचारून आलो. आता काही उपयोग नसताना. 'ए' प्रकार बचत खात्यासारखा, 'बी' मुदत ठेवीसारखा. पैसे काढायला फॉर्म सी, काढले की साठ दिवसांत घरासाठीच वापरायचे, आणि पुढच्या वेळी आधीचे कुठं खर्च केले ते फॉर्म डी वर लिहून द्यायचं. खातं बंद करायला आयकर अधिकाऱ्याची मंजुरी. व्याजावर कर लागतो, आणि तीन वर्षांत घर झालंच नाही तर उरलेल्या नफ्यावरही. काउंटरवरच्या मुलीनं कंटाळवाण्या आवाजात हे सगळं सांगितलं. एकदाही ती मला काका म्हणाली नाही, चहा विचारला नाही. २६ लाख तिथं आणि राहिलेले तीन-चार बँकांत पाच-पाच लाखांच्या आत विभागून, एवढंच करायचं होतं. नऊ लाख कमी पडले असते तर एक खोली कमी असलेला फ्लॅट घेतला असता. आज भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय, तेव्हा ती एक खोली फार मोठी वाटत नाही.

सगळ्या पतसंस्था चोर आहेत असं मी म्हणणार नाही. पिग्मीची बचत, लग्नाचे पन्नास हजार, यासाठी गल्लीतली संस्थाच कामाला येते. पण घर विकून आलेला पैसा ही बचत नसते, ते घरच असतं, रोख झालेलं.

तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत दिली आहे. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा, त्याचं कलम लागलंय. संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊन लिलाव झाला की वाटप होईल असं सांगतात. तिकडं निबंधकांच्या बाजूनं सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी वेगळी. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना एवढंच सांगतो की मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. 'वसुली करून देतो' म्हणणारे दोघे आमच्याकडंही येऊन गेले, दोघांनाही आधी मूळ पावत्या आणि पाच हजार हवे होते. आमच्या चारही पावत्या प्लास्टिकच्या फायलीत आहेत, हिच्या कपाटात, साड्यांच्या खाली. तारखेला जाताना मी झेरॉक्स नेतो.