दहा टेराफ्लॉप्स की बारा? पीएस५, सिरीज एक्स आणि सिरीज एस

टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जास्त पॉवर कुणात?" मग कुणीतरी दोन आकडे तोंडावर फेकतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२.१५ टेराफ्लॉप्स (म्हणजे सेकंदाला १२.१५ लाख कोटी आकडेमोडी), सोनीची प्लेस्टेशन ५ (पीएस५) १०.२८. लागला निकाल! माझ्या भाच्याने याच दोन आकड्यांवरून सहा महिने डोकं खाल्लं, म्हणून ते येतात कुठून ते आधी बघू.

गणित शाळकरी आहे. पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे जीपीयूमध्ये, कम्प्युट युनिट असतात. प्रत्येकात ६४ छोटे गणक, आणि प्रत्येक गणक घड्याळाच्या एका ठोक्याला दोन क्रिया करतो. पीएस५मध्ये ३६ युनिट आणि वेग जास्तीत जास्त २.२३ गिगाहर्ट्झ. ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३, की आले सुमारे १०,२७६ गिगाफ्लॉप्स, म्हणजेच १०.२८ टेराफ्लॉप्स. सिरीज एक्समध्ये युनिट ५२, पण वेग १.८२५. तोच गुणाकार केला की १२.१५. हे दोन्ही आकडे कागदावर गुणून आलेत, कुठला गेम चालवून कुणी मोजलेले नाहीत. सगळे गणक सगळा वेळ कामात असले तरच ते खरे, आणि खेळताना तसं होत नाही.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. एका कार्यालयात ५२ वाढपी, दुसऱ्यात ३६. पण दुसऱ्या कार्यालयात वाढपी चपळ, पुऱ्या तळणारा चपळ आणि ताटं विसळणाराही चपळ. पीएस५च्या जीपीयूचं घड्याळ सिरीज एक्सपेक्षा २२ टक्के जोरात चालतं, तेव्हा त्यातली कॅश (हाताशी असलेली झटपट मेमरी), त्रिकोण आखणारा भाग, पिक्सेल भरणारा भाग, सगळेच त्या वेगाने धावतात. पुऱ्याच तळून झाल्या नसतील, तर ५२ वाढपी कढईभोवती उभे राहून करणार काय? सोनीचे मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मध्ये वेगाचा हा मुद्दा मांडला, तेव्हा बऱ्याच जणांना ती सारवासारव वाटली होती.

नोव्हेंबर २०२०मध्ये दोन्ही मशीन बाजारात आली. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' हा गेम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) धरताना सुरुवातीला सिरीज एक्सवर जास्त अडखळला, पीएस५वर कमी. मग 'कंट्रोल' आला. त्याच्या फोटो मोडमध्ये (खेळ थांबवून चित्र टिपायच्या सोयीत) फ्रेमवरची मर्यादा उठते आणि रे ट्रेसिंगचा (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढण्याचा) सगळा भार जीपीयूवर पडतो. तिथे सिरीज एक्स सरासरी १६ टक्के पुढे निघाला. म्हणजे वाढप्यांना खरोखर हात भरून काम मिळालं, की संख्या जिंकते. एरवी बहुतेक गेममध्ये चित्र थांबवून, झूम करून शोधावा लागतो एवढाच फरक. सीपीयूबद्दल, म्हणजे मुख्य प्रोसेसरबद्दल, तर भांडायचंच कारण नाही: दोघांतही एएमडी कंपनीचे झेन २ घडणीचे आठ कोअर, वेगात १९-२०.

गेम साठवणाऱ्या एसएसडीत मात्र कागदावर मोठी दरी आहे. पीएस५ सेकंदाला ५.५ जीबी वाचते, सिरीज एक्स २.४. प्रत्यक्षात लोडिंगमध्ये दुपटीचा फरक क्वचितच दिसतो. खिशाला लागतो तो फरक जागा संपल्यावर. पीएस५मध्ये सप्टेंबर २०२१पासून कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारी जेन ४ एम.२ प्रकारची एसएसडी हीटसिंकसह (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसह) बसवता येते. एक्सबॉक्सला स्वतःच्याच घाटाचं एक्स्पान्शन कार्ड लागतं. साध्या यूएसबी ड्राइव्हवर नवे गेम साठवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत.

आता एक्सबॉक्सची धाकटी, सिरीज एस. भारतात ही ३४,९९० रुपयांना आली, तेव्हा सिरीज एक्स आणि डिस्कवाली पीएस५ दोन्ही ४९,९९० होत्या. त्यानंतर भाव बरेच हललेत, दुकानात विचारूनच घ्या. १५ हजार वाचतात म्हणून मन तिकडे झुकतं, आणि तिच्या चार टेराफ्लॉप्सवर काम चालवता येतं, कारण रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) कमी केलं की जीपीयूचं ओझं उतरतं. चालू गेम जिच्यात राहतो त्या रॅमचं तसं होत नाही. मोठ्या भावाला १६ जीबी, हिला १०. त्यातही ८ जीबीच वेगवान, उरलेली दोन अगदी मंद. पडदा लहान केला म्हणून गेममधलं गाव, माणसं, त्यांची बुद्धी लहान होत नाही. 'बाल्डर्स गेट ३' पीएस५वर सप्टेंबर २०२३मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय सिरीज एसमध्ये बसेना. शेवटी तिच्यापुरती ती सोय वगळूनच गेम आणावा लागला, ती मिळाली एप्रिल २०२५मध्ये. मूळ ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये वापरायला ३६४ जीबीच उरते, हेही लक्षात ठेवा. मोठे गेम तीन-चार, बस्स. डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे जुनी डिस्क विकून नवी घेण्याचा मार्गही बंद.

पण लाईट जाणाऱ्या गावात राहत असाल, तर एक्सबॉक्सची दोन्ही भावंडं वेगळ्या कारणाने उजवी. त्यांचा क्विक रिझ्यूम चालू गेमची अवस्था एसएसडीवर लिहून ठेवतो. प्लग काढला, दुसऱ्या दिवशी लावला, तरी गेम होता तिथेच उघडतो (ऑनलाइन गेमना हे लागू नाही). पीएस५चा रेस्ट मोड (मशीन झोपवून ठेवायची सोय) गेम रॅममध्ये धरून बसतो. लाईट गेली की गेला, मग शेवटच्या सेव्हपासून सुरुवात. इन्व्हर्टरवर चालवायचं तर जड गेममध्ये दोन्ही मोठी मशीन साधारण २०० वॅट खातात, टीव्ही वेगळा. सिरीज एस १००च्या आत भागवते.

टीव्ही युनिटचा कप्पाही मोजा. पहिली पीएस५ ३९ सेंटिमीटर लांब. सिरीज एक्स तीस, पण गरम हवा वरच्या जाळीतून फेकते, तेव्हा उभी ठेवलीत तर डोक्यावर फळी नको. पीएस५ प्रो १६.७ टेराफ्लॉप्सची आहे, पण नोव्हेंबर २०२४मध्ये ती आली तेव्हा वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला परवानगी नसल्याने भारत यादीतून वगळला गेला. बाहेरून आणलेली कुणी देत असेल, तर वॉरंटी कुठल्या देशाची ते विचारा.

माझं मत? ४के टीव्ही असेल आणि मित्रांत डिस्क फिरत असतील, तर डिस्कवाली पीएस५. लाईटचा भरवसा नसेल किंवा जुन्या एक्सबॉक्स ३६०च्या डिस्क घरात पडून असतील (त्यातल्या काही हिच्यावर चालतात), तर सिरीज एक्स. सिरीज एस फक्त दुसरा कन्सोल म्हणून, किंवा गेम तीन-चारच खेळणार हे नक्की असेल तर. आणि ४केमध्ये १२० फ्रेमच्या गप्पा मारण्याआधी टीव्हीच्या मागे वाकून एचडीएमआय २.१चं पोर्ट आहे का ते बघा.

भाच्याने शेवटी पीएस५ घेतली. पहिल्या दिवशी ती जोडायला मीच गेलो होतो. १२ मोठे की १०, यावर सहा महिने भांडलेल्या त्या पोराच्या भिंतीवर ३२ इंची एचडी रेडी टीव्ही होता.