पुण्याच्या घराची सवलत, नौपाड्यातल्या सेवा केंद्रातून

माझी आई पुण्यात स्वतःच्या सदनिकेत राहते आणि मी ठाण्यात. तिच्या मिळकत करात (ठाण्यात आपण त्याला मालमत्ता कर म्हणतो) स्वतः राहत्या घराची 40 टक्के सवलत लागलेली नाही, हे गेल्या वर्षी बिल नीट वाचताना माझ्या लक्षात आले. ही सवलत पुण्यात 1970 पासून चालत आलेली होती. मध्यंतरी ती बंद झाली आणि 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या बिलात ती नाही त्यांनी पीटी-3 अर्ज भरायचा असतो, आणि आमच्याकडून तो राहून गेला होता. या कामासाठी मी ठाण्यातल्या नौपाड्यातील एका छोट्या सेवा केंद्राची मदत घेतली. त्या सेवेविषयीचे हे मत आहे.

केंद्र म्हणजे दोन टेबले, एक छायाप्रतींचे (झेरॉक्स) यंत्र आणि भिंतीलगत चार खुर्च्या. तेथील गृहस्थांनी अर्जाला हात लावण्याआधी मी नेलेले सर्व कागद टेबलावर ओळीने मांडले आणि वीजबिलावरील नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. बिल अजून माझ्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते. मी खरेदीखत पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, घर तुमचं आहे याबद्दल कोणाला शंका नाही. आई तिथे राहतात, हे दाखवायचं आहे." माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच समजुतीत आहे. मालकीचे कागद आपण जपून ठेवतो, पण राहत असल्याचा पुरावा मात्र कोणी मुद्दाम सांभाळत नाही. त्यांनी मिळकतीच्या नोंदीत आईचे नाव आहे ना, हे आधी पाहिले, सोसायटीच्या पत्राचा मसुदा लिहून दिला, आईचे मतदार ओळखपत्र जोडले आणि पुण्यात तिच्या नावावर दुसरी मिळकत आहे का, हे दोनदा विचारले. असल्यास त्या मिळकतीच्या कराच्या बिलाची प्रत लागते.

मी बसले असताना एक आजोबा मुंबईसारखी करमाफी ठाण्यातल्या आपल्या घराला मिळवून द्या, असे सांगत आले होते. त्यांच्याकडून पैसे घेऊन अर्ज लिहून देणे सोपे होते. गृहस्थांनी मात्र त्यांना शांतपणे समजावले की, 2022 पासूनची मुंबईची 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची माफी मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याखालची आहे, ठाणे आणि पुणे 1949 च्या महापालिका कायद्याखाली येतात, आणि एका शहराचा निर्णय दुसऱ्या शहराला आपोआप लागू होत नाही. शिवाय मुंबईत घराचे क्षेत्रफळ पाहतात, तर पुण्यात मालक स्वतः राहतो की नाही ते पाहतात. हा फरक इतक्या सोप्या शब्दांत मला यापूर्वी कोणी सांगितला नव्हता, आणि केवळ त्यासाठीही मी या केंद्राची शिफारस करीन.

एक तक्रार मात्र नोंदवते. पुण्यातील क्षेत्रीय कार्यालयात अर्ज त्यांच्याच माणसाने दिला, पण शिक्क्याची मूळ पोच माझ्या हाती यायला तीन आठवडे लागले. तोवर मोबाइलवर पाठवलेले छायाचित्र होते, त्यात तारीख वाचता येत नव्हती. असल्या कामात पोच हाच आपला आधार असल्यामुळे ती त्याच आठवड्यात मिळायला हवी होती. दोन फेऱ्या आणि 700 रुपये हा मोबदला मला रास्त वाटला. पुण्यात राहणाऱ्याने मात्र हे काम स्वतःच करावे, त्यात अवघड काही नाही.

पुढच्या बिलात सवलत लागली. आईने ते बिल फोनवर मला आकड्यासकट वाचून दाखवले, दोनदा.

शनिवारी केंद्रात फार गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जावे आणि सोसायटीचे पत्र सही-शिक्क्यासह आधीच तयार ठेवावे.