सेकंडहँड हिमालयन ४११ : पुणे-लेह-पुणे करून आल्यावरचा रिव्ह्यू

गाडी म्हणजे रॉयल एनफील्डची हिमालयन बाइक, ४११ सीसीवाली, २०२१ ची बीएस६, घेतली तेव्हा १८ हजार किमी झालेली. जुलैमध्ये पुणे-मनाली-लेह आणि येताना श्रीनगरवरून असे साधारण साडेपाच हजार किमी झाले, त्यामुळे आता जरा हक्काने बोलतो. ४११ बनवणं २०२३ ला बंद झालं, शोरूमला आता ४५० मिळते, ४५२ सीसी, लिक्विड कूल्ड, ४० बीएचपी, म्हणजे गाडीच वेगळी. पण खिसा बघून जुनी ४११ शोधणारे अजून भरपूर आहेत, हे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, ही पळणारी गाडी नाही. २४.३ बीएचपी आणि वजन १९९ किलो, हिशोब तुम्हीच करा. ८०-९० ला मस्त डुलत जाते, ज्याला सव्वाशेने हायवे कापायचाय त्याने केटीएमची ३९० ॲडव्हेंचर बघावी. मी पण बघितली होती, पण तेव्हा तिची सीट ८५५ मिमी होती आणि आपण पाच फूट पाच, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरच चवड्यांवर उभा होतो, हेच सामान लादून खडीत करायचं म्हटल्यावर विषय संपला. हिमालयन ८०० मिमी, दोन्ही पाय टेकतात. व्हिडिओवाले यावर दोन सेकंद बोलतात, पण नाल्यात गोट्यांवर गाडी थांबली ना की तेव्हा एवढा एकच मुद्दा उरतो.

घाटात मात्र खरंच मजा. ३२ एनएम टॉर्क आणि तो पण खालीच, चार-साडेचार हजार आरपीएमला, त्यामुळे मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्स घाटाच्या २१ वळणांना सारखं गिअर-गिअर खेळावं लागत नाही, दुसऱ्यात टाकायची आणि टुकटुक चढत राहायचं. पुढची तांगलांग ला ही खिंड १७ हजार फुटांच्या वर आहे, तिथे हवा जवळपास निम्मी, सगळ्याच गाड्यांचा जीव कमी होतो, पण फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे कार्ब्युरेटरवाल्यांसारखं जेट आणि स्क्रू धरून बसावं लागलं नाही. मेव्हणा सोबत हिरोच्या एक्सपल्स बाइकवर होता, ती चाळीसेक किलो हलकी, त्यामुळे कच्च्यात तो पुढे आणि हायवेला मी. रोज संध्याकाळी चहावर कोणाची गाडी भारी यावर तेच भांडण.

आता तयारी. कात्रजला आमचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट बदललं, नवीन क्लच केबल जुनीच्या बाजूलाच टायरॅपने बांधून ठेवली (तुटली तर नुसती टोकं लावायची, फार डोकेबाज काम) आणि मग म्हणाले, आता मागचं चाक तुम्ही काढा. मी म्हटलं कशाला, तर म्हणाले तिकडे मी येणारे का? दोन रविवार त्यांनी माझ्याकडून चाक काढून घेतलं, टायर उतरवून घेतलं, दुसऱ्या रविवारी ट्यूब चिमटली तर हसत बसले आणि नवीन ट्यूबचे पैसे पण लावले.

कारण या गाडीला स्पोकची चाकं आणि ट्यूब. पुढे २१ इंच, मागे १७. खड्ड्यात रिम वाचते, पण पंक्चर झालं की ट्यूबलेससारखं पाच मिनिटात भोकात रबराची वात घालून निघता येत नाही. लेहच्या अलीकडे मोरे प्लेन्सच्या पठारावर झालंच. एवढं सपाट मैदान, रस्ता सरळसोट, म्हटलं आता आरामात जाऊ आणि मागून गाडी माशासारखी वळवळायला लागली. मेन स्टँडवर घेतली, चाक काढलं, टायरच्या आतून हात फिरवायच्या आधी हातात जुना मोजा घातला, हे पण मिस्त्रींचंच, खिळा मोज्यात अडकतो आणि बोट वाचतं. खिळा कसला, पत्र्याचा तुकडा होता. ट्यूब घातली, वरून टाल्कम पावडर, शेवटचा वीतभर टायर काही केल्या रिमवर चढेना, मग लक्षात आलं की समोरची बाजू रिमच्या मधल्या खोबणीत गुडघ्याने दाबायची राहिली. दाबली, चढला. फूटपंपाने हवा मारताना मात्र दर वीस दणक्यांना थांबून धापा टाकत होतो. एकूण एक तास दहा मिनिटं. ४५० ला ट्यूबलेस स्पोकवाली चाकं मिळतात, माझ्या मते तेवढ्या एका गोष्टीसाठी पण जास्तीचे पैसे टाकायला हरकत नाही.

पेट्रोलचं टेन्शन उगाच घेतलं. मनालीहून लेहला जाताना लागणाऱ्या टंडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किमीवर अशी ती पाटी आहे, टाकी १५ लिटरची, ॲव्हरेज ३० च्या आसपास. तरी ५ लिटरचा कॅन बांधून नेला आणि लेहला पोचल्यावर तो टाकीत रिकामा केला. सॅडल बॅगच्या कंपनीचं नाव घेत नाही, वॉटरप्रूफ म्हणून घेतल्या आणि वापीच्या पावसातच चड्ड्यांपर्यंत सगळं भिजलं. तिथून पुढे सगळे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत, वीस रुपयांचं काम, एक थेंब आत गेला नाही.

जुनी घ्यायला जाल तेव्हा रंग बघत बसू नका. मेन स्टँडवर लावा, कोणालातरी मागे दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल दोन बोटांनी हळूच या टोकापासून त्या टोकाला न्या. मध्यावर येऊन खट्कन अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय, तेवढे पैसे तिथल्या तिथे कमी करून घ्या. मी नव्हते घेतले.