हरकत खात्याकडे की संसदीय समितीकडे? एका टायपिंगवाल्याचा हिशेब

गोव्यात मामलेदार कचेरीसमोर माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची झेरॉक्स, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) अर्ज, प्रतिज्ञापत्रे, आणि झोनबदलाची नोटीस निघाली की हरकती. आंब्या-काजूला हंगाम असतो, हरकतीला आमच्याकडे नसतो. २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला गोव्याचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे जानेवारी २००७ मध्ये सरकारला गुंडाळावा लागला, तेव्हापासून प्रत्येक वाड्यावर एक तरी माणूस असा आहे की त्याला हरकत कशी लिहितात ते तोंडपाठ आहे.

गेली काही वर्षे दिल्लीतल्या विधेयकांवरच्या सूचनाही माझ्याकडे टाइप करायला येतात. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर एक काकी आल्या. काजूचे भाट, म्हणजे बागायत, आहे त्यांचे, थोडे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग. हातात वर्तमानपत्राचे कात्रण आणि वहीची चार पाने. म्हणाल्या, "भाऊ, हे आता खात्याकडे पाठवू की संसदेची समिती बसेल तोवर थांबू? दोन-दोनदा लिहायला माझ्यात त्राण नाही." त्यांना तोंडी सांगितले ते इथे जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही, तेव्हा हे एका टायपिंगवाल्याचे मत समजा.

दोन खिडक्या आहेत. पहिली विधेयक सभागृहात येण्याआधीची. मंत्रालय मसुदा संकेतस्थळावर टाकते आणि लोकांच्या सूचना मागवते. केंद्राचे २०१४चे धोरण आहे की मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, आणि सोबत टिपण द्यावे: खर्च किती, पर्यावरणावर परिणाम काय, मूलभूत हक्कांवर काय, ज्यांना झळ बसणार त्यांच्या जगण्यावर आणि रोजीरोटीवर काय. धोरण वाचले की वाटते, अजून काय हवे? पण ते धोरणच आहे, कायदा नाही. पाळले नाही तर कोणाला जाब विचारता येत नाही. माझ्या टेबलावरून जे मसुदे गेले त्यांत मूलभूत हक्कांवरच्या परिणामाचा परिच्छेद मला क्वचितच दिसला. कोणी म्हणेल, तुझ्या टेबलावरून गेले किती? खरे आहे, फार नाहीत.

दुसरी खिडकी विधेयक मांडल्यानंतरची. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ते विभागाशी संलग्न स्थायी समितीकडे पाठवतात, नाही तर त्यासाठी खास संयुक्त समिती नेमली जाते. स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निवेदने मागवते. मुदत बहुधा पंधरा दिवसांच्या आसपास. म्हणजे खात्याच्या निम्मी. कागदावर पहिली खिडकी मोठी दिसते ती अशी.

आता माझ्या घोड्याने कुठे पेंड खाल्ली ते सांगतो. खात्याचे नाव घेत नाही. त्यांनी सूचनांसाठी ऑनलाइन फॉर्म ठेवला होता, कलमागणिक एक चौकोन. मी एका गिऱ्हाइकाचा दीड पानाचा मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो तसाच चिकटवला. उमटली ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. चूक माझी होती, फॉन्टचा हा आजार आमच्या धंद्यात जुनाच. संध्याकाळी बसून सगळे युनिकोडमध्ये बदलले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले, परत चिकटवले. चौकोनात छान मराठी दिसले. 'सबमिट' दाबले. पुढच्या पानावर 'आपली सूचना अशी नोंदली आहे' आणि खाली प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे. मधेच कुठे पूर्णविराम आणि सर्व्हे नंबरचे आकडे तेवढे शाबूत, कारण ते मी इंग्रजी आकड्यांत घातले होते. दुरुस्तीची सोय नाही, पावती क्रमांक नाही. वर आभार मात्र मानलेले.

गिऱ्हाईक शांत होते. म्हणाले, "असू दे. मलाही त्या मसुद्याबद्दल प्रश्नच होते."

ही एकट्या माझ्या संगणकाची करामत असू शकेल. पण भाषेचा हा काटा जुना आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा मार्च २०२०मध्ये निघाला तो इंग्रजी-हिंदीत. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालय लागले. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत, हे आम्हाला शाळेतल्या पोराला विचारले तरी सांगेल.

समिती तरी मराठी घेते का? नाही. जाहिरातीत बहुतेक लिहिलेलेच असते, निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन प्रती. त्यामुळे भाषेच्या बाबतीत ती काही मोठी उदार नाही, आणि सत्तरीतल्या शेतकऱ्याने हिंदीत लिहायचे म्हणजे काय होते ते मी पाहिले आहे. 'हमारे भाट में आग लगता है' हे वाक्य मी स्वतः टाइप केले आणि मग हायस्कुलातल्या हिंदीच्या बाईंकडे पळालो. पण कागदावर लिहिलेले प्रश्नचिन्ह होत नाही. स्पीड पोस्टाने जाते, पावती मिळते, पोचल्याचे मोबाइलवर कळते. माझ्यासारख्या माणसाला त्या तीन इंच पावतीचे केवढे समाधान असते ते शहरातल्यांना कदाचित समजणार नाही.

पावतीपेक्षा मोठी गोष्ट पुढे घडते. समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला जातो आणि कोणालाही वाचता येतो. अनेक अहवालांत कलम, त्यावर लोकांचा आक्षेप, त्याला मंत्रालयाचे उत्तर आणि समितीचे मत, असे एकाखाली एक दिलेले असते. मंत्रालयाला उत्तर द्यावे लागते, ही त्यातली गोम. उत्तर पटेल असे नाही, पण लिहिलेले असते, आणि ज्या खासदाराला पटले नाही त्याचे भिन्नमतही मागे जोडलेले असते.

एकाच विषयाने दोन्ही खिडक्या पाहिल्याचे उदाहरण हवे असेल तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा घ्या. डिसेंबर २०१९मध्ये मांडलेले विधेयक संयुक्त समितीकडे गेले. समितीने दोन वर्षे घेतली, लोक चिडले, मीही वैतागलो. पण डिसेंबर २०२१मध्ये अहवाल आला त्यात ८१ दुरुस्त्या सुचवलेल्या, आणि सरकारी यंत्रणांना सूट देणाऱ्या कलमावर अनेक खासदारांची भिन्नमते. ऑगस्ट २०२२मध्ये विधेयकच मागे घेतले गेले. मग नोव्हेंबरात नवा मसुदा निघाला, या खेपेस पहिल्या खिडकीतून. आलेल्या सूचना उघड करणार नाही, असे आधीच जाहीर केलेले, म्हणजे लोक मोकळेपणाने लिहितील. पुढे ३ ऑगस्ट २०२३ला विधेयक मांडले, ९ तारखेला दोन्ही सभागृहांतून पार, समिती नाही. आता २०२१चा अहवाल कोणीही उघडून कोण काय म्हणाले ते बघू शकतो. २०२२मध्ये कोणी काय लिहिले ते ज्याचे त्याला माहीत. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)मध्ये, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारता येते त्या कलमात, फेरफार केला. पंचायतीच्या बांधकाम परवान्याची माहिती मागणारे माझे निम्मे गिऱ्हाईक त्यावर अजून बोटे मोडते.

समितीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तिचा एजंट ठरेन. विधेयक तिच्याकडे जाईलच याची हमी नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. म्हणजे थांबणारा माणूस जुगार खेळतो. शिफारशीही बंधनकारक नसतात. वनसंवर्धन कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीचे बघा. डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, मालकी कोणाचीही असो, असे ठरले होते. आमच्याकडच्या 'खासगी वना'चा सगळा घोळ तिथून सुरू होतो. दुरुस्तीने ती व्याख्या आवळली. संयुक्त समितीने ऐकून घेतले सगळे आणि जुलै २०२३मध्ये विधेयकात एकही बदल न सुचवता अहवाल दिला. माझ्या दुकानात त्या दिवसांत दोन्ही बाजूंचे लोक येत. एकाचे भाट खासगी वन ठरून अडकलेले, त्याला दुरुस्ती हवी होती. दुसऱ्याला शेजारचा डोंगर कापला जाण्याची भीती. एकाच बाकावर बसून चहा घेत, आपापल्या मजकुराची वाट बघत. अहवालाने दुसऱ्याच्या पदरी काही पडले नाही. तरी फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त जुनाच अर्थ चालू ठेवायला सांगितले तेव्हा तो अहवालाची प्रिंट मागायला आला. म्हणाला, "आमचे म्हणणे होते त्याला त्यांनी काय उत्तर दिले होते ते बघायचे आहे." खात्याकडे गेलेल्या सूचनेबद्दल असे काही मागायला अजून कोणी आले नाही.

हक्कांचा विचार करायला वेगळी समिती आपल्या संसदेत नाही. ब्रिटनमध्ये मानवी हक्कांची दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती आहे. ऑस्ट्रेलियात २०११च्या कायद्याने प्रत्येक विधेयकासोबत ते मानवी हक्कांशी जुळते की नाही याचे निवेदन जोडावे लागते. आपल्याकडे विधेयकाला उद्देश व कारणे जोडतात, पैसा लागणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडतात, नियम करायचे अधिकार सरकारकडे जाणार असतील तर त्याचेही ज्ञापन. हक्कांचे ज्ञापन नाही. त्यामुळे ते काम निवेदन लिहिणाऱ्याने स्वतः करावे. मी गिऱ्हाइकांना सर्वोच्च न्यायालयाच्या खासगीपणाच्या २०१७च्या निकालातली त्रिसूत्री धरायला सांगतो: हक्काला हात लावायला कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, आणि उपाय त्या हेतूच्या मानाने बेताचा आहे की माशी मारायला कोयता. कलमाचा आकडा, हे तीन प्रश्न, आणि आपल्या जमिनीवर वा धंद्यावर काय होईल ते एका उदाहरणाने. दोन पाने बस. समितीपुढे तोंडी बोलायची इच्छा असेल तर तेही निवेदनात लिहावे लागते. माझ्या कोणा गिऱ्हाइकाला बोलावणे आलेले नाही.

आमच्या विधानसभेबद्दल थोडेच लिहितो. ती भरते त्या पर्वरीतही विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याची सोय आहे. जुलै २०२१च्या तीन दिवसांच्या अधिवेशनात भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक शेवटच्या दिवशी संमत झाले. तीस वर्षे राहिला तो भूमिपुत्र, त्याचे २५० चौरस मीटरपर्यंतचे घर त्याच्या नावे, आणि दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. भाटकार (जमीनमालक), मुंडकार, आदिवासी समाज, सगळ्यांना एकाच वेळी धसका. समितीत चार आठवडे काढले असते तर रस्त्यावर जे बोलले गेले ते टेबलावर बोलले गेले असते. शेवटी 'भूमिपुत्र' शब्द काढू म्हणावे लागले, आणि ते विधेयक काही कायदा झाले नाही.

तर काकींना मी म्हटले: आता खात्याला चार ओळींचा ईमेल करा, इंग्रजीत, भाच्याकडून लिहून घ्या, म्हणजे गप्प बसला असे होणार नाही. चार पानांची शक्ती समितीसाठी राखा. समिती बसलीच नाही तर तेच निवेदन आपल्या खासदाराला द्या. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, म्हणजे शोधायला फार फिरावे लागत नाही. तुमचा आक्षेप तांत्रिक असेल, एखाद्या व्याख्येतला शब्द बदला एवढाच, तर मात्र पहिली खिडकी बरी. मसुदा ओला असतानाच तेवढा शब्द हलतो. मांडल्यावर खाते हट्टाला पेटते.

यंदा काकी परत आल्या. विधेयक समितीकडे गेले होते. मजकूर हिंदीत, बाईंनी तपासलेला. दोन प्रती काढल्या, सही घेतली, पाकीट बंद केले. त्यांनी तिसरी प्रत मागितली, रविवारी ग्रामसभेत वाचायला. मला नाही म्हणावे लागले. समितीला दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय समजले जाते. अहवाल येण्याआधी ते चव्हाट्यावर मांडले तर संसदेच्या हक्कभंगाचे लफडे व्हायचे. म्हणून तर त्यांचे विधेयक कुठले तेही मी इथे लिहिलेले नाही.

काकी रागावल्या. "माझेच लिहिलेले, मीच वाचायचे नाही? मग ग्रामसभेत दाखवू काय?"

मी म्हटले, "पोस्टाची पावती दाखवा."